वळसा

निवेदिकेच्या हातात घण देण्याआधी मिस्त्रीने भिंतीतल्या चार विटा मागच्या बाजूने छिन्नीने सैल करून ठेवल्या. पहिल्याच घावाला भिंत हादरली असं कॅमेऱ्यात दिसायला हवं होतं. निवेदिकेने पिवळं हेल्मेट घातलं, केसांची एक बट मुद्दाम बाहेर काढली आणि घण घातला. चारही विटा पलीकडे पडल्या, धूळ उडाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," मॉनिटरमागून दिग्दर्शिका म्हणाली. "बाकीची मिस्त्री पाडतील. उद्या सकाळी मला इथे भिंत होती अशी शंकासुद्धा यायला नको."

मिस्त्री सात वर्षं या कार्यक्रमात काम करत होता. पडून राहिलेली, स्वस्तात सुटणारी जुनी घरं शोधायची, एखाद्या बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबाला ती मिळवून द्यायची आणि चोवीस दिवसांत घराचा कायापालट करून टीव्हीवर दाखवायचा, असा तो कार्यक्रम. पडद्यावर निवेदिका दिसे, सजावट करणारी मंडळी दिसत. मिस्त्रीचे फार तर हात दिसत. त्याच्या बायकोला ते हात बरोबर ओळखू येत आणि ती शेजारणीला बोलावून दाखवी.

हे घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. दोन वर्षं रिकामं. बघायला येणारे यायचे, हळू आवाजात आपापसात बोलायचे आणि निघून जायचे. कोणी म्हणे ओल आहे, कोणी म्हणे उजेड नाही. खरं तर दोन्ही नव्हतं. पाया मजबूत होता, छत शाबूत होतं. खटकणारी गोष्ट एकच. रस्त्याकडच्या दारातून आत आलं की लांबलचक दिवाणखाना, आणि त्याच्या मधोमध डाव्या बाजूने निघालेली एक भिंत. बारा फुटांच्या रुंदीतले नऊ फूट तिने अडवलेले. उजवीकडे खिडकीलगत तीन फुटांची फट, तिच्यातून वळसा घालून स्वयंपाकघराकडे जायचं.

भिंत घर बांधणाऱ्याने बांधलेली नव्हती, हे मिस्त्रीला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एका विटेच्या जाडीची, फरशीवरच उभी केलेली, वर छतापर्यंत न पोचलेली. हाताच्या पंजाएवढी जागा वर मोकळी होती. छताचा भार तिच्यावर असणं शक्यच नव्हतं. कोणीतरी नंतर, आपल्या गरजेपुरती घातलेली भिंत. गिलावा मात्र प्रेमाने केलेला होता.

संध्याकाळपर्यंत ती गेली. दिवाणखाना एकदम केवढा तरी झाला. मिस्त्रीने तुळयांना लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा मधोमध स्थिर उभा राहिला, आणि तो घरी गेला.

पुढचे दोन दिवस मजूर विटामातीची घमेली बाहेर नेत होते. डाव्या कोपऱ्यातून घमेलं उचलायचं, उजवीकडे खिडकीपाशी जायचं, तिथून वळून दाराकडे. मिस्त्रीला हसू आलं.

"अरे, भिंत तुम्हीच पाडलीत ना?"

मजूरही हसले. पुढच्या खेपेला सरळ गेले. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा वळसा. पायांना वळण पडतं, मिस्त्री मनाशी म्हणाला. त्याने स्वतःही जिना नसलेल्या घरात पायरी उतरल्यासारखा पाय टाकलेला होता कितीदा तरी.

पण फरशीवाला आला पाचव्या दिवशी. त्याने भिंत पाहिलेलीच नव्हती. खांद्यावर फरश्यांचा खोका घेऊन तो दारातून आत आला, चार पावलं चालला, उजवीकडे खिडकीपर्यंत गेला, अंग जरा चोरून पुढे सरकला आणि मग स्वयंपाकघराशी येऊन खोका उतरवला. सिमेंट कालवता कालवता मिस्त्रीचा हात थांबला.

"मधून का नाही आलास?"

"कुठून?"

"मधून. सरळ."

फरशीवाल्याने मागे वळून मोकळ्या दिवाणखान्याकडे पाहिलं. "सरळच आलो की."

त्या दुपारी मिस्त्री शिडीवर चढला. लहानपणी त्याने एक खेचर पुलाच्या तोंडाशी अडलेलं पाहिलं होतं. मारलं, ओढलं, तरी हललं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पूल बसला. अंगाला काही गोष्टी डोक्याच्या आधी समजतात. आपली नजर चुकली असेल, छताचा भार खरंच त्या भिंतीवर असेल, तर चोवीस दिवस भरल्यावर या छताखाली एक आई, एक बाप आणि एक लहान मुलगी झोपणार होती. त्याने तुळई ठोकून पाहिली, जोड नखाने खरवडून पाहिले. खाली दोन टेकू लावले, आडवी दोरी ताणली आणि रोज सकाळी आल्या आल्या दोरीपासून छताचं अंतर मोजू लागला. सुतभरही फरक पडला नाही.

दिग्दर्शिकेला ते टेकू दिसलेच.

"छताचं काही आहे का, मिस्त्री?"

"छताचं काही नाही, मॅडम."

"मग?"

माणसं वळून जातायत, हे सांगायचं कसं? ज्या बाईच्या हातात अकरा दिवस उरलेत तिला तर नाहीच. "खात्री करतोय," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी टेकू काढून टाकले.

एकोणिसाव्या दिवशी सोफा आला. मोहरीच्या रंगाचा, सात फुटी, तिघांनी ऐसपैस बसावं असा. चार हमालांनी तो दारातून आत घेतला आणि डावीकडच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी भिंतीमागची जागा होती तिथे न्यायला निघाले. मिस्त्री शिडीवर होता. त्याने वरून पाहिलं. हमाल चार पावलं चालले, थांबले, उजवीकडे वळले. मग पुढच्याने "उभा करा, उभा," म्हटलं. सात फुटांचा सोफा त्यांनी उभा केला, तिरका धरला आणि रिकाम्या दिवाणखान्याच्या उजव्या कडेने, खिडकीला घासत, घाम गाळत, एकेक वीत पुढे सरकवला. खिडकीच्या चौकटीचा ताजा रंग खरवडला गेला.

रंगारी भडकला. "एवढं मैदान पडलंय, आणि तुम्ही माझ्याच खिडकीवर कशाला येताय?"

हमाल एकमेकांकडे बघू लागले. त्यातला म्हातारा म्हणाला, "जागा कुठे होती?"

मग त्याने जागेकडे पाहिलं आणि खांद्यावरच्या फडक्याने मान पुसली. चहा न घेताच ते गेले.

साउंडवाल्याने मिस्त्रीला बाजूला बोलावलं ते एकविसाव्या दिवशी. निवेदिकेचं एक लांब दृश्य घ्यायचं होतं: दारातून आत यायचं, बोलत बोलत सरळ चालत स्वयंपाकघरापर्यंत जायचं. दिग्दर्शिकेने जमिनीवर चिकटपट्टीने रेघ आखून दिली होती. सहा वेळा घेतलं, सहाही वेळा निवेदिका रेघ सोडून उजवीकडे गेली. सातव्या वेळी ती रेघेकडे बघत, पडद्यामागून रंगमंचावर ढकललेल्या माणसासारखी कशीबशी सरळ चालली, पण तिचे खांदे आखडलेले होते. दिग्दर्शिका म्हणाली, मध्ये कापू, खिडकीच्या पडद्यांचं दृश्य घालू.

"तुम्ही इथले सगळ्यात जुने," साउंडवाला म्हणाला. तो शांत, चष्मेवाला माणूस होता. त्याने हेडफोन मिस्त्रीच्या कानावर ठेवले. "नुसतं ऐका."

निवेदिकेचा आवाज. खणखणीत, हसरा. *मोकळी हवा, भरपूर उजेड, आणि आता या घराचं खरं रूप...* मग आवाज खाली आला. शब्द तेच, पण कोणी शेजारी निजलेलं असावं तसे. चार-पाच वाक्यांनंतर पुन्हा खणखणीत.

"माइक बिघडला असेल," मिस्त्री म्हणाला.

"दोन बदलले. तिचंच नाही, सगळ्यांचं असंच होतं. सुतारांचं, मॅडमचं. त्या तर कायम ओरडत असतात." त्याने हेडफोन परत घेतले. "भिंत होती त्या पट्ट्यात आलं की सगळे हळू बोलतात. तुम्हीसुद्धा. आत्ता कुठे उभे आहोत आपण?"

मिस्त्रीने पायांखाली पाहिलं. ते डावीकडच्या कोपऱ्याजवळ, सोफ्यापाशी उभे होते, आणि बराच वेळ कुजबुजत होते.

चोविसाव्या दिवशी कुटुंब आलं. बाई नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणू लागले. नवरा बस चालवायचा. मागच्या दाराशी लोंबकळणाऱ्यालाही ऐकू जाईल असा त्याचा आवाज होता. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडाचा पट्टा तर गाडीतून उतरल्यापासून सुरू होता. घर किती मोठं आहे, माझी खोली कुठे आहे, टीव्हीवर माझे दात दिसतील का, एक पडलाय.

तिघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. कार्यक्रमाचा तो ठरलेला भाग होता. दारातून आत सोडायचं, दिवाणखान्याच्या मध्यावर उभं करायचं आणि एकदम पट्ट्या सोडायच्या. पण निवेदिका हात धरायला पुढे होण्याआधीच मुलगी आत शिरली.

ती चार पावलं चालली. मग उजवीकडे वळली. डोळे बांधलेले, तोंड बंद. डावा हात तिने वर केला होता आणि तळवा हवेत टेकवून ती चालत होती, अंधारात माणूस भिंतीच्या आधाराने चालतो तशी. बोटं जराशी वाकलेली, तळवा सपाट. नऊ फूट. मग तो हात आपोआप खाली पडला, ती वळली आणि पुढे गेली.

"गोड," दिग्दर्शिका पुटपुटली. "हे ठेवायचं."

मिस्त्री कॅमेऱ्यांच्या मागे शिडीला टेकून उभा होता. त्याने दाराकडे पाहिलं. सिस्टरने आपल्या डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली होती आणि ती मुलीच्या त्या हाताकडे बघत होती. पुढच्या क्षणी तिने पट्टी खाली ओढली. पट्ट्या सुटल्यावर ती सगळ्यांबरोबर रडली, हसली, स्वयंपाकघरातले खण उघडून पाहिले. ते रडणंही खरंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं दार मिळालं होतं.

सहा महिन्यांनी तिचा फोन आला.

"मिस्त्री, मी सिस्टर बोलतेय. गल्लीच्या टोकाचं घर."

"बोला ताई. गळतंय का कुठे?"

"नाही. एक भिंत घालायची होती."

कुठे, हे त्याने विचारलं नाही.

दुपारच्या वेळी तो गेला. घर नीटनेटकं होतं, उजेड होता. सोफा जागच्या जागी होता, आणि त्यावरच्या उशा कार्यक्रमाच्या माणसांनी ठेवल्या तशाच कोनावर उभ्या होत्या. घरातली बसायची जागा मात्र स्वयंपाकघराच्या दारात झाली होती. तिथे एक सतरंजी, तिच्यावर मुलीची वह्या-पुस्तकं, एक टेबलफॅन. एवढा दिवाणखाना सोडून तीन माणसं त्या चार फुटांत राहत होती.

सिस्टरने त्याला खिडकीच्या कडेने आत नेलं. तोही तसाच गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"काहीतरी आहे एवढं ठाऊक होतं. काय ते नाही. मला वाटलं होतं छताचं असेल."

"वॉर्डात आम्ही असंच चालतो." तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "खाटेला धक्का लागू नये, झोपमोड होऊ नये. ते शिकवावं लागत नाही, आठ दिवसांत पाय शिकतात. मी घरी येऊन तशीच चालते. आधी वाटलं, ड्यूटीची सवय. मग यांना पाहिलं. बस चालवणारा माणूस, घरात चोरासारखा वावरतो."

"भीती वाटते?"

"मला नाही वाटत. मी आजारी माणसांत आयुष्य काढलंय." तिने सतरंजीकडे पाहिलं. "पोरीचं काय करू? शाळेतून बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, वर्गात उत्तर देते तेव्हा ओठ हलतात, आवाज येत नाही. डॉक्टर झाले, घसा बघून झाला. घशात काही नाही. ती विसरली आहे मोठ्याने बोलायचं. घरी कुजबुजते, तेच घेऊन बाहेर जाते."

मुलगी सतरंजीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मिस्त्रीने तिला हाक मारून विचारलं, काय काढतेस. तिने काहीतरी सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही.

"म्हणून भिंत," सिस्टर म्हणाली. "आहे ते झाकून टाकू. पलीकडे ज्याचं असेल ते त्याचं. जशी होती तशीच घाला."

त्याने टेप काढला. डावीकडून नऊ फूट. दोन खिळे ठोकून दोरी ताणली. परवा विटा घेऊन येतो म्हणाला. पण गल्लीतून बाहेर पडताना त्याचा पाय रेंगाळला. जशी होती तशीच, म्हणजे वर पंजाभर फट ठेवायची की नाही? ती का ठेवली होती? सात वर्षांत त्याने शंभरावर भिंती पाडल्या होत्या. त्या घातल्या कोणी आणि का, हे विचारायला तो कुठेच गेला नव्हता.

घर विकणारा म्हातारा शिंपी होता, एवढं त्याला आठवत होतं. दोन ठिकाणी चौकशी करून दुसऱ्या दिवशी तो सापडला. बाजाराच्या मागच्या अंगाला पुतण्याचं कपड्यांचं दुकान होतं, आणि त्याच्या दारात खुर्ची टाकून म्हातारा एका कोटाला काज करत बसला होता. सत्तरीच्या पुढचा, पण सुई ओवायला चष्मा लागत नव्हता.

"मास्तर, मी तुमच्या घराचं काम केलं. भिंत मी काढली."

"बसा," म्हातारा म्हणाला. "तुमचे हात पाहिले मी टीव्हीत."

मिस्त्री बसला. विटांचं, गिलाव्याचं थोडं बोलणं झालं. गिलावा म्हाताऱ्यानेच केला होता. मिस्त्रीने तो चांगला होता म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

"बायको आजारी पडली," तो म्हणाला. "कमरेखालचं गेलं. अकरा वर्षं खाटेवर. दुकान पुढे, घर मागे, आणि दिवाणखाना एकच. मापं द्यायला येणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे बघायची. तिला ते नको व्हायचं. मलाही. म्हणून भिंत घातली. वर फट ठेवली, तिला मशीनचा आवाज यावा म्हणून. तो आला की तिला झोप लागायची."

"गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं होतं तुम्ही?"

"कधीच नाही. आपसूकच बोलायची. वळून जायची, पाय न वाजवता. चांगली होती माणसं." त्याने दोरा दाताने तोडला. "पण भिंत घातल्यापासून तिला दार दिसेना. कोणी आलं की आतून विचारायची, कोण आलंय? दिवसातून वीस वेळा. कोण आलंय? मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे, तू पड. नाव सांगायला काय झालं होतं मला? पण हातात काम असायचं."

दुकानात पुतण्या कोणालातरी कापड दाखवत होता. म्हाताऱ्याने कोट मांडीवर उलटा केला.

"गेली त्या दिवशीही विचारलं. एकाच्या कोटाचं माप घेत होतो. तिने विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, थांब जरा. माप पुरं केलं, लिहून घेतलं. आत गेलो तर मान दाराच्या बाजूला होती. दार कुठे दिसत होतं? भिंत दिसत होती."



"तुमचा कार्यक्रम पाहिला मी," म्हातारा म्हणाला. "भिंत पडली तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, आता दिसेल तिला. पण तुम्ही सगळे वळूनच जात होता. मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो, आणि ती बाई पुन्हा हळू बोलायला लागायची. पुतण्या म्हणाला, काका, कशाला एवढा मोठा करता? त्याला काय सांगू? अहो, ती झोपलेली नाहीये, ती विचारतेय. एकानेही नाव सांगितलं नाही."

ठरल्या दिवशी मिस्त्री विटा न घेता गेला. दोरी ताणलेली तशीच होती. सिस्टरने रिकाम्या हातांकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात सतरंजीच्या कडेला बसला आणि ऐकलं ते सगळं त्याने सांगितलं. सांगताना आपण कुजबुजतोय हे त्याला दोनदा जाणवलं आणि दोन्ही वेळा त्याने आवाज चढवला.

सिस्टर उठली. तिने खिळे उपटले आणि दोरी बोटांवर गुंडाळली.

"पेशंट तेच विचारतात," ती म्हणाली. "औषध कमी विचारतात. कोण आलंय, हे आधी. आम्ही म्हणतो, झोपा."

तेवढ्यात दार वाजलं. मुलीला शाळेतून घेऊन बाप आला होता, खाकी सदरा, हातात तिची पिशवी. तो आत आला, चार पावलं टाकली आणि त्याचा खांदा उजवीकडे वळू लागला.

"तिकडून नको," सिस्टर म्हणाली. "मधून या. आणि कोण आलंय ते सांगा."

"कोणाला?"

"सांगा तर."

त्याने बायकोकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं. थट्टा नाही हे त्याला कळलं. कपाळावर घाम होता. थांब्यावरून निघालेल्या बसमध्ये सांगावं तशा आवाजात, पण जरा अडखळत, तो म्हणाला, "मी आलोय. या घरचा. बस चालवतो." आणि मग डोळे समोर ठेवून, सोफ्याच्या जवळून, सरळ चालत आला.

मुलगी दारातच उभी होती. तिचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं," सिस्टर म्हणाली. तिची बोटं दोरीवर घट्ट झाली होती.

मुलीने सोफ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. डावा हात वर उचलला, हवेत धरला, आणि खाली घेतला.

"मी आलेय," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, बरेच दिवस न वापरलेला. "माझी आज चाचणी होती. मला आठ मिळाले. दहापैकी." आणि ती चालत आली, सरळ, पाय वाजवत. आईजवळ पोचली तेव्हाही ती बोलतच होती, पण ते आता आईला सांगत नव्हती. मान मागे वळवून त्या कोपऱ्याला सांगत होती. बाईंचं, मैत्रिणीचं, हरवलेल्या रबराचं. कोणी ऐकत असावं तशी मध्येमध्ये थांबत होती, आणि कशाला तरी मान हलवत होती.

सिस्टरने तिला थांबवलं नाही.

मिस्त्रीने टेप खिशात टाकला. दाराकडे जायचं तर दिवाणखाना ओलांडायचा होता. खिडकीची बाजू मोकळी होती, तिथून गेला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. तो मधून निघाला. फरशी सपाट होती, त्याच्याच देखरेखीखाली बसवलेली. सोफ्यापाशी येऊन तो थांबला. उशा कोनावर उभ्या होत्या. मधल्या गादीवर, दाराच्या बाजूला, एक लहानसा खळगा पडलेला होता.

त्याने आपलं नाव सांगितलं. नुसतं मिस्त्री नाही, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. भिंत आपणच काढली हेही सांगितलं. मग समोरच्याचं बोलणं ऐकून घेईपर्यंत माणूस जेवढा वेळ उभा राहतो, तेवढा वेळ तो उभा राहिला.

"बरं," तो शेवटी म्हणाला, आणि बाहेर पडताना दार त्याने उघडंच ठेवलं.